क्यासनूर ते दोडामार्ग: माकडतापाचा माग

१९५७ सालच्या मार्चमध्ये पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला म्हैसूर राज्यातून एक खबर मिळाली. शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात आणि त्याच्या कडेच्या गावांभोवती माकडे मरून पडत होती. त्याच रानात सरपणाला, पाल्याला आणि गुरांमागे जाणारी माणसेही एकाएकी चढणाऱ्या तापाने अंथरूण धरत होती. डॉक्टरांना आधी विषमज्वराची शंका आली. गावकऱ्यांनी मात्र रानातले मरण आणि घरातला ताप यांची सांगड केव्हाच घातली होती. आजाराला त्यांनी नावही देऊन टाकले होते: मंगन कायिले, माकडांचा आजार.

पुण्याचे हे केंद्र तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन आणि आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५२ मध्ये ते उभे केले होते. डास, गोचीड, पिसवा अशा चावणाऱ्या जिवांमार्फत पसरणारे विषाणू भारतात कोणते आहेत, हे शोधणे हे त्याचे काम. केंद्राचे संचालक होते डॉ. टेलफर्ड वर्क. त्यांच्या जोडीला होते कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड ट्रॅपिडो, ज्यांनी पनामाच्या जंगलांत पीतज्वराचा माग काढला होता.

म्हणूनच शिमोग्याची बातमी ऐकताच या मंडळींच्या मनात पहिला विचार आला तो पीतज्वराचा. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडे पटापट मरू लागली की पीतज्वर जवळ आला असे समजतात. रॉकफेलर फाउंडेशनने या एका रोगामागे काही दशके घालवली होती. त्याच्या लशीबद्दल त्यांच्या मॅक्स थीलर यांना १९५१ चे नोबेल मिळाले होते. भारतात पीतज्वर कधीच आला नव्हता. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या गावोगावी होता, माकडे होती, आणि या रोगाची प्रतिकारशक्ती नसलेली कोट्यवधी माणसे होती. आफ्रिकेतून एखाद्या जहाजातून किंवा विमानातून तो येथे उतरला असेल तर पुढे काय होईल, या कल्पनेनेच पथक घाईघाईने शिमोग्याकडे निघाले.

आजारी माणसांच्या रक्तातून आणि मेलेल्या माकडांच्या अवयवांतून लवकरच एक विषाणू हाती लागला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नातेवाईक हजारो किलोमीटर उत्तरेला, सायबेरियाच्या थंड अरण्यात निघाले. लेव झिल्बर यांच्या सोव्हिएत पथकाने १९३७ मध्ये अतिपूर्वेच्या तैगा जंगलात मेंदूज्वराच्या ज्या विषाणूचा शोध लावला होता, त्याच कुळातला हा भाऊबंद होता. तिकडे तो गोचिडीतून पसरत होता. शिमोग्याभोवतीच्या मलनाड भागातल्या दमट, हिरव्यागार डोंगरांत त्याच्या जवळचा विषाणू सापडावा याची कोणी कल्पनाही केली नव्हती. ज्या जंगलात तो मिळाला त्याचेच नाव त्याला दिले गेले: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. त्या पहिल्या वर्षी ४६६ माणसांना हा ताप आल्याची नोंद झाली, पुढच्या वर्षी १८१ जणांना.

हा आजार साधा नव्हे. गोचीड चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप भरतो, डोके फुटेल असे दुखते, अंग ठणकते, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून किंवा पोटात रक्तस्राव होतो. ताप उतरला, माणूस सुटला असे वाटत असतानाच एक-दोन आठवड्यांनी काही रुग्णांत तो पुन्हा उसळतो आणि या वेळी मेंदूवर येतो: हातपाय थरथरतात, भ्रम होतो, दिसण्यात अंतर पडते. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. बरे झालेल्यांचा अशक्तपणा महिनोन्‌महिने जात नाही, आणि रोजावर जगणाऱ्या घरात तेवढे महिने म्हणजे एक पूर्ण हंगाम बुडाला. तापावर नेमके औषध तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. एकच दिलासा म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला तो होत नाही.

मग तो होतो कसा? सायबेरियाचा दाखला समोर होता, तेव्हा ट्रॅपिडो आणि त्यांचे सहकारी जंगलात गोचीड वेचू लागले. पद्धत अगदी साधी. पांढऱ्या फडक्याला काठी बांधायची आणि ते पालापाचोळ्यावरून ओढत न्यायचे. चावायला टपून बसलेली गोचीड फडक्याला चिकटते. चिमट्याने ती काढून कुपीत भरायची, जातवार निवडायची आणि प्रयोगशाळेत वाटून तिच्यात विषाणू आहे का हे पाहायचे. हजारो गोचिडी अशा वेचल्या गेल्या. विषाणू अनेक जातींत मिळाला, पण पुन्हा पुन्हा मिळाला तो हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीत. माणसाला चावते ते बहुधा तिचे पिल्लू, म्हणजे तिळाएवढी, आठ पायांची, अंगावर चढली तरी न कळणारी अवस्था.

वाहक सापडला. पण हा विषाणू येथे आला कोठून, हा प्रश्न राहिला, आणि पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरा दूर गेल्या. दर हिवाळ्यात लाखो पक्षी सायबेरिया आणि मध्य आशियातून भारतात उतरतात. त्यांच्या पिसांत अडकून एखादी बाधित गोचीड तैगातून शिमोग्यात आली असेल का? शंका अगदीच निराधार नव्हती. तिची शहानिशा करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्षी पकडून त्यांच्या पायात वाळे घालण्याची मोठी मोहीम सुरू केली. पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा झाल्या, तपासल्या गेल्या. सायबेरियाहून विषाणू आल्याचा पुरावा काही मिळाला नाही. पण कोणता पक्षी कोठून येतो, कोणत्या वाटेने परततो, याची आपल्याकडची शास्त्रशुद्ध माहिती मुख्यतः या मोहिमेतून उभी राहिली. पुढे याच कामाला अमेरिकी लष्कराचा पैसा मिळाला आणि सत्तरच्या दशकात त्यावरून संसदेपर्यंत वाद पोहोचला. मलनाडमधल्या मेलेल्या माकडांमुळे भारतातल्या पक्षिशास्त्राला असे बळ मिळावे, हा इतिहासातला एक विलक्षण योग आहे.

खरे उत्तर जवळच होते. ते मिळाले ते सागर गावी उभारलेल्या क्षेत्रीय केंद्रात वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणाऱ्यांना. टी. रामचंद्र राव, पी. के. राजगोपालन आणि त्यांचे सहकारी वर्षाच्या बारा महिन्यांत कोणत्या गोचिडीची कोणती अवस्था कोठे असते, कोणत्या प्राण्याच्या अंगावर असते, हे टिपत राहिले. उंदीर, चिचुंद्री, खार, साळिंदर, रानकोंबडी, वटवाघूळ असे सारे तपासले गेले. मेलेल्या माकडांची मोजदाद ठेवली गेली. १९५७ ते १९६४ या काळात ती हजारावर गेली, आणि त्यांत तांबड्या तोंडाच्या माकडांपेक्षा काळ्या तोंडाचे वानरच कितीतरी जास्त होते. मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच काम. त्यातल्या बहुतेकांची नावे कोठे गाजली नाहीत, पण त्यांनी टिपलेल्या या नोंदींशिवाय पुढचे काहीच कळले नसते.

या नोंदींतून गोचिडीचे वर्ष उलगडले. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात सक्रिय होते आणि मोठ्या जनावरांच्या अंगावर रक्त पिऊन टम्म फुगते. गवा, सांबर, आणि मुख्य म्हणजे गाय-बैल हे तिचे यजमान. मग ती खाली पडते, पाचोळ्यात हजारो अंडी घालते आणि मरते. पाऊस सरता सरता सहा पायांच्या सूक्ष्म अळ्या बाहेर येतात. त्या उंदीर, खारी, पक्षी अशा लहान जिवांवर आणि माकडांवरही पोसतात. कात टाकून त्यांची आठ पायांची पिल्ले होतात ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, आणि मेपर्यंत ती रानात टपून असतात. माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे का, याचे हे उत्तर. याच महिन्यांत शेतीची कामे उरकलेली असतात आणि माणसे सरपण, पाला, मध, वेत यांसाठी रानात शिरतात.

माकडाची भूमिका यात फार क्रूर आहे. गोचिडीचे बाधित पिल्लू चावले की माकडाच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो. त्या दिवसांत त्याच्या अंगावर पोसणाऱ्या शेकडो अळ्या आणि पिल्ले बाधित होतात. माकड मेले की ती सारी त्याच्या थंड होत जाणाऱ्या अंगावरून उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. ज्या झाडाखाली माकड मेले, ती जागा पुढे कित्येक आठवडे धोक्याची राहते. मेलेल्या माकडाभोवतीच्या जमिनीवर कीटकनाशकाची भुकटी टाकण्याची पद्धत चालू आहे, ती यामुळे.

पण कोडे अजून पुरते सुटले नव्हते. विषाणू जर या रानात आधीपासूनच उंदीर-खारी आणि त्यांच्या गोचिडींमध्ये राहत असेल, तर १९५७ च्या सुमारासच तो एवढा का उफाळला? साठच्या दशकात कोलंबियाचे डॉ. होर्हे बोशेल सागरला आले. त्यांच्याजवळ एक जुना अनुभव होता. कोलंबियाच्या जंगलात लाकूडतोडे मोठे झाड आडवे करतात तेव्हा शेंड्यावर राहणारे निळे डास झाडाबरोबर खाली येतात आणि माणसांना चावतात, हे त्यांनी स्वतः उभे राहून पाहिले होते. जंगली पीतज्वर माणसात कसा उतरतो याचा उलगडा त्यातून झाला होता. मलनाडमध्येही माणूस जंगलात नेमके काय करतो आहे, याकडे ते पाहत राहिले.

मलनाड त्याआधी हिवतापासाठी कुप्रसिद्ध होते. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून डीडीटीची फवारणी सुरू झाली, हिवताप हटला, आणि जंगलाच्या पोटात वस्ती वाढू लागली. खोऱ्यातले जंगल तोडून भातखाचरे निघाली, सुपारीच्या बागा वाढल्या, बागांना लागणाऱ्या पाल्यासाठी आजूबाजूची झाडे ओरबाडली गेली. तोडलेल्या जागी घाणेरीची दाट जाळी माजली. आणि वस्तीबरोबर आली गुरे. घनदाट सदाहरित जंगलात गवे-सांबर विरळ असतात. मोठी गोचीड पोसायला तिथे फार जनावरे नसतात. आता मात्र रोज सकाळी शेकडो गाई-म्हशी त्याच रानात चरायला जाऊ लागल्या. गाईला हा ताप बाधत नाही, तिच्या रक्तात विषाणू फारसा वाढतही नाही. पण तिच्या अंगावर गोचीड पोटभर जेवते आणि गावाच्या, पायवाटेच्या, खाचराच्या कडेला जाऊन हजारो अंडी टाकते. घाणेरीच्या दमट सावलीत ती जगतातही. विरळ झालेल्या जंगलात वानर जमिनीवर अधिक उतरू लागले, उंदीर-खारींच्या गोचिडींचे जग आणि माकडांचे जग एकमेकांत मिसळले, आणि मधोमध माणूस राहू लागला.

बोशेल यांनी १९६९ मध्ये हे सविस्तर मांडले. विषाणू नवा नव्हता. जंगलाची मांडणी नवी होती. रोगाचे मूळ शोधताना आफ्रिकेकडे पाहिले गेले, सायबेरियाकडे पाहिले गेले, आणि ते होते गोठ्यातल्या गाईच्या वाटेवर. तपशिलांवर तज्ज्ञांत मतभेद राहिले आहेत. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही पश्चिम घाटात माकडतापाचा धोका सर्वांत जास्त दिसला तो अखंड जंगलात नव्हे, तर दमट जंगल, लागवड आणि गुरे यांची सरमिसळ असलेल्या प्रदेशात.

हे समजले तरी त्यावरून धोरण बदलले नाही. विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतच अनेक कर्मचाऱ्यांना लागण झाली. अशा विषाणूसाठी लागणारी बंदिस्त प्रयोगशाळा तेव्हा देशात नव्हती, आणि सत्तरच्या दशकात त्याच्यावरचे काम मंदावले. रॉकफेलर फाउंडेशनची माणसे तोवर परतली होती. पुण्याचे केंद्र १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. माकडताप शिमोग्याच्या कोपऱ्यातला एक स्थानिक आजार म्हणून सरकारी अहवालांत राहिला.

मग आले १९८२. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात, निडले गावाजवळचे जंगल काजूच्या लागवडीसाठी तोडले गेले. तोडणीनंतर माकडे मरू लागली, आणि मजुरांना ताप आला. त्या एका हंगामात हजाराहून अधिक माणसे आजारी पडली. मृतांत बहुतेक गरीब, कामासाठी रानात जाणारी माणसे होती. जंगल तोडल्यामुळे दैवते कोपली, असे तिथल्या अनेकांनी म्हटले. मार्क निक्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने या साथीचा अभ्यास करून १९८७ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच याला विकासाचा आजार म्हटले. बोशेल यांनी साठच्या दशकात शास्त्राच्या भाषेत मांडलेले आणि बेळ्तंगडीच्या गावकऱ्यांनी दैवतांच्या कोपाच्या भाषेत सांगितलेले, यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोघेही कुऱ्हाडीकडेच बोट दाखवत होते.

या साथीनंतर लशीच्या कामाला वेग आला. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत विषाणू वाढवून, फॉर्मॅलिनने तो मारून ही लस तयार होई. १९९० ते १९९२ या काळात कर्नाटकात घेतलेल्या चाचणीत दोन मात्रांनी चांगले संरक्षण मिळाल्याचे दिसले. पुढे व्यवहारात मात्र ते तेवढे राहिले नाही, असे आढळले. पहिल्या दोन मात्रा, मग काही महिन्यांनी बूस्टर, मग वर्षानुवर्षे आणखी बूस्टर. सुई दुखरी, आणि हंगामाच्या आत पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाणे मजुराला परवडणारे नाही. अनेकांनी मालिका अर्धवट सोडली.

२०१२ च्या अखेरीस बंडीपूर व्याघ्र प्रकल्पात माकडे मरू लागली आणि त्यांचे मृतदेह हाताळणाऱ्या माणसांना ताप आला. पश्चिम घाटात बऱ्याच दक्षिणेला, शिमोग्यापासून इतक्या दूर हा विषाणू पहिल्यांदा ठळकपणे दिसला. त्यानंतर केरळात वायनाड, तमिळनाडूत निलगिरी. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीच्या पाली गावात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो झाला. आणि २०१६ च्या सुरुवातीला तो महाराष्ट्रात उघडकीस आला, तो सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. त्या हंगामात शंभराहून अधिक रुग्णांचे निदान पक्के झाले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात साथ आली.

यातला काही भाग तपासणी सुधारल्याचा आहे. याच सुमारास पुण्यात पाषाणला अतिधोकादायक विषाणूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा उभी राहिली होती, आणि रक्तातला विषाणू काही तासांत ओळखणारी चाचणी हाती आली होती. आधी जो ताप डेंग्यू किंवा लेप्टो म्हणून गेला असता, तो आता ओळखू येऊ लागला. पण सगळेच श्रेय चाचणीला देता येणार नाही. दोडामार्गकडे पाहिले तर सागरच्या नोंदींतले बरेच काही ओळखीचे वाटते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे कोकणात काजूच्या बागा डोंगरांवर चढल्या. दोडामार्गात त्यापाठोपाठ रबरही आले. बागेच्या वर जंगल, खाली वाडी, मधे चरणारी गुरे. काजू वेचायचा हंगाम फेब्रुवारी ते मे. गोचिडीच्या पिल्लांचाही तोच.

बी वेचताना माणूस तासन्‌तास वाकून पाचोळ्यात हात घालतो. या कामाला बहुधा बायका असतात, आणि त्यांच्यातल्या अनेकींचे पाय उघडे असतात. आरोग्य खात्याने अंगाला लावायचे तेल वाटले, ताप आला की रक्त तपासायला द्या असे गावोगाव सांगितले, कर्नाटकातून आणलेली लस टोचली.  मग २०२२ मध्ये लशीची परिणामकारकता पुरेशी उरली नाही म्हणून कर्नाटकाने ती देणे थांबवले. नव्या लशीवर काम चालू आहे.

तोवर रानातल्या माणसांच्या हाती राहते ते तेल, अंगभर कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, आणि माकड मेलेले दिसले की लगेच कळवणे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण माणसाच्या तापाआधी काही दिवस मिळतात ते तिच्यामुळेच. माकडाची खबर वन खात्याकडे जाते, शवविच्छेदन पशुवैद्य करतो, रुग्ण आरोग्य खात्याकडे येतो. या तिघांचे एकमेकांशी बोलणे किती लवकर होते, यावर त्या वाडीतला हंगाम कसा जाईल हे बरेचसे ठरते. गाईच्या अंगावरच्या गोचिडीचा बंदोबस्त हे काम मात्र अजून तिघांपैकी कोणीही आपले म्हणून मनापासून उचललेले नाही. बोशेल यांनी त्या गाईकडे बोट दाखवले त्याला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.